श्वासाचे औषध गिळायचे नसते



गेल्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर मी एका आजींना भेटलो. दोन महिने औषध चालू असूनही त्यांची धाप कमी नव्हती. "आजी, औषध कसं घेता?" मी विचारले. त्यांनी कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायल्या. ती कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढायची होती. मशीन डब्यात कोरे पडले होते.

चूक आजींची नव्हती, आशाताईंचीही नव्हती. प्रशिक्षणात "रोज दोन कॅप्सूल घ्यायला सांगा" असे मीच शिकवले होते. घ्या म्हणजे गिळा, असेच कोणीही समजेल. तेव्हापासून आमचा पाठ भाषणाने नव्हे, हाताने सुरू होतो. तो असा :

१. ओळखा. सततचा खोकला, चढावर धाप, छातीत शिट्टीसारखा आवाज. बिडीला कधी न शिवलेल्या बाईलाही हा आजार होतो, कारण चुलीचा धूर वर्षानुवर्षे फुफ्फुसात जातो. टीबी होऊन गेलेल्यांनाही तो होऊ शकतो. सीबॅक फॉर्म भरताना 'स्वयंपाक कशावर करता?' हा प्रश्न सोडू नका.

२. आधी टीबी तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायला पाठवा. तपासणीत टीबी निघाला नाही म्हणजे माणूस निरोगी आहे, असे मात्र समजू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या.

३. ओढायला शिकवा. आधी श्वास पूर्ण सोडायचा. कॅप्सूलच्या मशीनमधून जोरात व खोल ओढायचे. पंप असेल तर आधी हलवून, दाबताना सावकाश ओढायचे. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. शेवटी चूळ भरायची. बरे वाटले म्हणून रोजचे औषध स्वतःहून बंद करायचे नाही.

४. धोका ओळखा. एक वाक्यही सलग बोलता येत नाही, ओठ निळे पडले, गुंगी आली किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

५. पुन्हा पाहा. "समजलं का?" विचारले की सगळे हो म्हणतात. "करून दाखवा" म्हणा, आणि पुढच्या भेटीत पुन्हा करून घ्या.

आजी पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. हा आजार मुळापासून जात नाही. पण आता त्या न थांबता विहिरीपर्यंत जातात, आणि त्यांची चूल सुनेने पडवीत मांडली आहे.

देवाने मातीच्या माणसात श्वास फुंकला, असे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. त्या श्वासाची राखण आज डोंगरातली आशाताई करते आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि तुमच्या घरी कोणाला धाप लागत असेल तर आजच विचारा : औषध कसं घेता, दाखवा बरं.