नाथसागराच्या काठी जाताना

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण किनारा आहे. पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, खुरटा माळ आणि बाभळी. त्याच्या ईशान्य टोकाला, शेवगाव-नेवासे तालुक्यांच्या कडेनं, गोदावरी अडवणाऱ्या जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर, पसरला आहे. कोरड्या मुलखातलं हे उथळ पाणी पक्ष्यांना लांबून खेचून आणतं. हिवाळ्यात इथं रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक आणि तलवार बदकं उतरतात. १९८६ पासून हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, म्हणजे नगर शहरात, भुईकोट किल्ला आणि भिंगारची छावणी आहे. जलाशय आणि शहर, दोन्ही एका सहलीत पाहता येतात. पण या काठाची शिस्त ठाऊक नसेल तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फेब्रुवारीतली सकाळ होती. शेवगावच्या बाजूनं आम्ही काही जण पाण्याकडे निघालो होतो. दूरवर रोहितांचा थवा चरत होता. जाळी आवरत बसलेले एक मच्छीमार काका ओरडले, “पाहुणं, तिकडं जाऊ नका, खाली रेंदा हाय!” तोवर आमच्यातला एक तरुण कॅमेरा घेऊन पुढे गेला होता. पायाखालची जमीन वाळलेली, भेगाळलेली दिसत होती. अचानक वरची पापडी फुटली आणि तो मांडीपर्यंत आत गेला. एक पाय उपसायला जोर लावला की दुसरा आणखी खोल जाई. काकांनी आम्हाला जागेवरच थांबवलं. होडीतली फळी त्याच्याकडे सरकवली, तिच्यावर छाती टेकून त्याला आडवं व्हायला सांगितलं आणि हळूहळू ओढून बाहेर काढलं. जीव वाचला. या गोंधळात रोहितांचा थवा मात्र उडून गेला.

हे का घडतं, ते समजून घ्या. धरण साधारण पावसाळ्याच्या अखेरीस भरतं. पुढे सिंचनाला पाणी सुटतं आणि काठ मागे सरकतो. जमिनीला उतार अगदी कमी, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाण्याची कड खूप लांब जाते. मागे उरतो तो वर्षानुवर्षांचा गाळ. उन्हानं वरचा थर वाळतो, आतला ओलाच राहतो. याच गाळात आणि उथळ पाण्यात किडे, गोगलगायी, शेवाळं असतात. पक्ष्यांचं ताट तिथंच वाढलेलं असतं. जिथं पक्षी सर्वांत जास्त, तिथंच माणसाला धोका सर्वांत जास्त.

म्हणून गेल्या वर्षी कुणी सांगितलेली जागा किंवा मोबाईलमध्ये जपून ठेवलेली खूण यंदा कामाची नाही. निघण्याआधी काठच्या गावात पाण्याची चौकशी करा. धरण तुडुंब असेल तर डिसेंबरात गाळ उघडा पडत नाही; चिखलात चरणारे पक्षी उशिरा जमतात. अशा वर्षी फेब्रुवारी-मार्च बरा. पायवाट सोडू नका. कुणी रुतलंच तर धावत जवळ जाऊ नका. रुतलेल्यानं धडपड थांबवून आडवं व्हावं, म्हणजे वजन पसरतं. बाकीच्यांनी फळी, दोर किंवा ओढणी पुढे टाकावी.

पाणी हटलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. मोकळं रान वाटलं तरी त्यात हरभरा पेरलेला असतो. बांधावरूनच चाला. या धरणानं शंभरावर गावांची जमीन घेतली आहे. इथल्या माणसांच्या उरल्यासुरल्या पिकावरून गाडी घालणं फार वाईट.

पक्ष्यांपासून लांब राहा. माना वर करून त्यांनी चरणं थांबवलं की आपण फार जवळ आलो, हे ओळखा आणि मागे व्हा. मायदेशी परतण्यासाठी साठवलेली चरबी ते अशा प्रत्येक उड्डाणात खर्च करतात. होडी घेतलीत तर अंगात लाइफ जॅकेट हवंच, आणि थव्यात होडी घालायला नावाड्याला कधीही सांगू नका. चांगली दुर्बीण बरोबर घ्या. शेवगावच्या दक्षिण काठावर हिवाळ्यात ऊन पाठीशी येतं, तिथं सकाळी जा. नेवाशाकडून पूर्वेला पाहायचं असेल तर दुपार कलल्यावर. काठावर सावली जवळजवळ नाही; माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि टोपी हवी.

नगर शहरासाठी वेगळा दिवस ठेवा. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीनं इथला भुईकोट किल्ला घेतला. बोअर युद्धातले कैदी नगरला ठेवले होते, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद या किल्ल्यात बंदिवान होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी विचारा आणि छावणीत परवानगीशिवाय फोटो काढू नका. रणगाडा संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. १८३१ मध्ये इथं आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या खुणा, ह्यूम मेमोरियल चर्च, शहरातच आहेत. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

नाथसागराच्या काठी उतरलात की पक्षी कुठं दिसतील, हा प्रश्न दुसरा. कुठून जाऊ नये, हे आधी विचारा. उत्तर जाळी टाकणाऱ्याकडे किंवा गाळपेर करणाऱ्याकडे मिळेल. त्याच्या वेळेचं आणि माहितीचं मोल आवर्जून द्या, आणि त्यानं थांबा म्हटलं की थांबा.