कुलूपबंद वहीला प्रश्न विचारता येतो काय?

आमच्या महाविद्यालयाच्या गरीब विद्यार्थी निधीचे काम मी काही वर्षे पाहत आहे. पूर्वी अर्जांची वही माझ्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. आता ती माहिती दूरच्या एका कंपनीच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, असते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने अर्ज देता देता विचारले, "सर, वडिलांचे उत्पन्न आणि आजार यात लिहिला आहे. तो आणखी कोण वाचणार?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे थोडेफार कळले, ते येथे मांडतो.

सोपा उपाय कोणालाही सुचेल. माहिती सांकेतिक लिपीत बदलून पाठवावी व किल्ली आपल्याजवळ ठेवावी. पण मग 'पन्नास हजारांच्या आतले अर्जदार कोणते?' असे विचारल्यास सर्व्हर काय सांगणार? त्याला सारी अक्षरे निरर्थक. दरवेळी सगळी वही आणवून उघडायची, तर ती बाहेर ठेवण्यात काय हशील?

कूटरूपातच हिशेब करता यावा, ही कल्पना रिव्हेस्ट, एडलमन व डर्टूझोस यांनी १९७८ साली मांडली. १९९९ मध्ये पाये यांनी दिलेल्या पद्धतीत दोन कूटसंख्यांचा गुणाकार केला की मूळ संख्यांच्या बेरजेचे कूटरूप मिळते. म्हणजे निधीतून वाटलेली एकूण रक्कम सर्व्हर काढून देईल, परंतु एकही आकडा त्याला कळणार नाही. २००९ मध्ये क्रेग जेंट्री यांनी बेरीज व गुणाकार दोन्ही हवे तितक्या वेळा करण्याची वाट दाखविली. मात्र साध्या हिशेबाच्या मानाने ती आजही फार वेळखाऊ आहे.

म्हणून व्यवहारात तडजोड आली. २०११ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत तयार झालेल्या 'क्रिप्टडीबी'त प्रश्नाच्या गरजेप्रमाणे वेगवेगळी कुलपे वापरली आहेत. शब्द शोधायचा असेल तर एका शब्दाचे कूटरूप नेहमी एकच ठेवायचे. लहानमोठे ठरवायचे असेल तर कूटरूपांतही मूळचाच क्रम राखायचा. मेख येथेच आहे. कोणते अक्षर किती वेळा येते यावरून सांकेतिक लिपी उलगडण्याची युक्ती अल-किंदी या विद्वानाने नवव्या शतकातच लिहून ठेवली आहे. तालुक्याच्या रकान्यात एकच चिन्ह शंभरांत साठ वेळा आले, तर तो आमचाच तालुका हे ओळखायला किल्ली कशाला? २०१५ मध्ये नवीद, कामारा व राइट यांनी अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदी घेऊन, अशा रकान्यांतील बरीच माहिती किल्लीवाचून उलगडते हे दाखवून दिले.

दुसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा. सर्व्हरने वाचले नाही, पण एखादा अर्ज गाळून उत्तर दिले तर? त्या मुलीचे शुल्क बुडेल आणि आम्हांला पत्ताही लागणार नाही. यावर राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये सुचविलेली रचना उपयोगी पडते. प्रत्येक नोंदीचा गणिताने एक लहानसा ठसा काढायचा. दोन ठशांचा मिळून एक, पुन्हा दोहोंचा एक, असे करीत शेवटी एकच मूळ ठसा उरतो. नोंदीतले एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. तो आपल्याजवळ ठेवायचा. नोंदी उत्पन्नाच्या क्रमाने लावून सर्व्हरने उत्तराबरोबर मर्यादेपलीकडची लगतची नोंदही दाखविली व सर्वांचा मेळ मूळ ठशाशी घालून दिला, की मधली नोंद गाळण्यास जागा राहत नाही. दहा लाखांतली एक नोंद पडताळण्यास सुमारे वीसच ठसे लागतात. मात्र नवी नोंद होताच मूळ ठसाही नवा ठेवावा. नाहीतर जुनीच वही नवी म्हणून खपेल.

सारांश, प्रत्येक प्रश्नाची सोय काहीतरी उघड करते. म्हणून ज्या रकान्याला प्रश्न विचारायचाच नाही, त्याला सर्वांत भक्कम कुलूप असावे. आजाराच्या रकान्यात आम्ही कधीच शोध घेत नाही. उत्पन्नाचा क्रम मात्र आम्हांला लागतो, आणि तेवढा तो उघडा पडतो. हे मी निधी समितीपुढे लेखी ठेवले आहे, आणि त्या विद्यार्थिनीलाही असेच, काही न लपविता, सांगितले.