दम कमी नसतो, अडथळा जास्त असतो

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाची मान कायम पाण्याबाहेर असते. तिथे ते बरोबरच. वरून कोण मुटका मारतंय, यावर नजर ठेवावीच लागते. चाळिशीनंतर मी शहरातल्या तलावावर फ्रीस्टाइल पोहायला लागलो, तेव्हा ती ताठ मानही सोबत आली. शेजारच्या लेनमधली शाळकरी पोरं आरामात पुढे निघून जायची आणि मी हात आणखी जोरात मारायचो. वेग होता तिथेच राहिला, उजवा खांदा मात्र धरला. त्या कुशीवर झोपता येईना. पोहणं बंद करून फिजिओथेरपिस्टकडे जावं लागलं.

जोर का वाया जातो, याचं गणित सरळ आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. पोहण्याचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. वेग नुसता 10 टक्के वाढवायचा तरी ताकद 33 टक्के जास्त हवी. खांदे ती आणणार कुठून? त्यापेक्षा विरोधच कमी करणं स्वस्त पडतं.

हा विरोध तीन तऱ्हेचा. समोरून अडणारं पाणी, पृष्ठभागावर लाटा उठवण्यात जाणारी शक्ती आणि अंगाला होणारं घर्षण. लाटांचा त्रास टाळायला 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोकचे काही जलतरणपटू तीसेक मीटर पाण्याखालूनच गेले होते. आता नियमाने 15 मीटरपर्यंत डोकं वर यावंच लागतं. आपल्यासारख्या हौशी माणसाला सगळ्यात जास्त नडतो तो पहिला प्रकार. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरकं होतं आणि पाणी छातीपासून मांडीपर्यंत सगळीकडे अडतं.

म्हणून सुरुवात मानेपासून करा. नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवा. श्वासासाठी डोकं उचलू नका, अंगासोबत कुशीवर वळवा. गॉगलची एक काच पाण्यातच राहू द्या. हात डोक्यासमोर आडवा टाकू नका, खांद्याच्या रेषेत टाका. आडव्या हाताने अंग नागमोडी जातं आणि खांद्यावरही ताण येतो. पाय गुडघ्यातून सायकलसारखे मारू नका; मांडीपासून, लहान आणि घोटे सैल सोडून मारा. भिंतीला रेटा देताना एका हातावर दुसरा तळहात ठेवून दंड कानांना लावा. खिशांची ढगळ बर्म्युडा घालू नका, तिच्यात पाणी भरतं. अंगाबरोबर बसणारा साधा पोशाख आणि टोपी पुरे.

दोन गोष्टी सांभाळा. पाण्याखाली श्वास रोखून लांब जाण्याची पैज एकट्याने कधीच लावू नका. शुद्ध हरपू शकते आणि आधी काही जाणवतही नाही. नदीत, समुद्रात मात्र मधूनमधून डोकं वर काढून दिशा बघावीच लागते. तिथे विहिरीतली सवय उपयोगी पडते.

प्रगती दम लागण्यावरून मोजू नका. 25 मीटरला किती हात लागतात ते मोजा. वेळ तोच राहून हात कमी झाले, तर तुम्ही सुधारलात. वेळ कमी झाला पण खांदा दुखायला लागला, तर त्या दिवशी पोहणं तिथेच थांबवा.