प्रतिज्ञेत देवाचं नाव हवं का?

प्रश्न : आमच्या मोझरीत सामुदायिक प्रार्थना घराघरात पोचली आहे. मग शाळेतल्या प्रतिज्ञेत ईश्वराचं नाव घातलं तर काय बिघडतं? – एक पालक, गुरुकुंज मोझरी

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे, घालू नये. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेल्या या प्रतिज्ञेत निष्ठा आहे ती देशाशी आणि देशबांधवांशी. त्यात देव नाही, म्हणूनच ती वर्गातलं प्रत्येक पोर मनापासून म्हणू शकतं.

हा वाद जुनाच. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी, असं सुचवलं. मतदान झालं : बाजूने ४१, विरोधात ६८. देव मानणाऱ्या सभासदांनीही विरोध केला, कारण श्रद्धेची सक्ती त्यांना नको होती. आमदार-खासदारांच्या शपथेच्या नमुन्यात मात्र ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’ हे दोन्ही पर्याय दिलेले असतात. ज्याला जो पटेल तो त्याने उच्चारायचा. सज्ञान माणसाला ही निवड मिळते. रांगेत उभ्या दुसरीतल्या लेकराला ती कोण देणार?

तुमच्या मोझरीतली तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना सर्व धर्मांना सोबत घेणारी आहे, आणि तिथे माणूस आपखुशीने बसतो. शाळेतली हजेरी तशी नसते. शिवाय अनुच्छेद २८ नुसार, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला उपासनेत सामील व्हायला लावता येत नाही.

तेव्हा पोरांना संध्याकाळी प्रार्थनेला अवश्य न्या. प्रतिज्ञा आहे तशीच राहू द्या.