नाव एक, रोपं तीन

एडिंबरोला राहायला आले त्या वसंतात एका रोपविक्रीतून मी तीन कुंड्या आणल्या. तिन्हींवर चिठ्ठी एकच: ‘सॅक्सिफ्रेज’. नाव एक तर लागवडही एकच, असं धरून तिन्ही रोपं दक्षिणेकडच्या वाफ्यात, साध्या कंपोस्टमध्ये ओळीनं लावली. जुलैअखेर एक रोप मधोमध वाळून तपकिरी झालं. दुसरं हिवाळ्यात मुळापाशी कुजलं. तिसरं तेवढं तगलं.

साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, “अगं, म्हणजे आपला पाषाणभेदच ना?” लॅटिन नावाचा अर्थ खरंच ‘दगड फोडणारा’ असा आहे. पण वैद्यांचा हिमालयातला पाषाणभेद म्हणजे बर्जेनिया. कूळ तेच, झाड वेगळं. शिवाय आपल्याकडे पानफुटीलाही पाषाणभेद म्हणतात. तेव्हा नावावरून मुतखड्याचा काढा करायला कुणी जाऊ नये, हे आधी सांगते.

सॅक्सिफ्रेजच्या चारशेहून जास्त जाती आहेत. कुणी आल्प्सच्या कपारीतली, कुणी ओलसर सावलीतली. चिठ्ठी काही सांगत नसेल तर पान सांगतं.

हातात भिंग घ्या. पानाच्या कडेनं चुन्याचे पांढरे ठिपके दिसले तर रोप चंदेरी गटातलं. कडेच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, ते सुकलं की त्यातला चुना तिथंच राहतो. पुष्कळ जण याला सेम्परव्हिव्हम समजतात. पण त्याची पानं जाड, गरदार असतात आणि हे ठिपके त्यांच्यावर नसतात. चंदेरी गटाला ऊन चालतं, साचलेलं पाणी मुळीच नाही. माझं कुजलेलं रोप हेच. इथल्या थंडीला ते डगमगत नाही, त्याला मारते ती हिवाळ्यातली ओल. आता मी निम्मी माती आणि निम्मी बारीक खडी घेते, आणि रोपाच्या गळ्याभोवती बोटभर खडीच पसरते.

दुसरी एक चूक अजून सलते. पुढं आणलेल्या चंदेरी रोपाचा एक गुच्छ फुलून गेल्यावर वाळला. रोग समजून मी तो मुळासकट उपटला आणि सोबत त्याची पिल्लंही गेली. या गटात फुललेला गुच्छ मरतोच, बाजूची पिल्लं रोप पुढं नेतात. पिरेनीजमधल्या लाँगिफोलियाला मात्र पिल्लं येत नाहीत. कित्येक वर्षांनी एकदाच भलामोठा तुरा येतो आणि रोप संपतं, म्हणून त्याचं बी धरून ठेवायलाच हवं.

पानं मऊ, चिरलेली आणि रोप शेवाळाच्या उशीसारखं असेल तर तो शेवाळी गट. त्याला दुपारची सावली आणि ओलावा लागतो. माझं करपलेलं रोप ते होतं.

तगलेलं तिसरं रोप म्हणजे ‘लंडन प्राइड’: चमच्यासारखी, दंतुर कडांची पानं आणि ठिपक्यांची नाजूक फुलं. नोएल कॉवर्डनं 1941 मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना, याच्याच नावाचं गाणं लिहिलं. भिंतीच्या सावलीत, सामान्य मातीतही ते पसरतं. नवख्यानं सुरुवात यानंच करावी.

एखादा गुच्छ हात लावताच सुटून आला तर कुंडी लगेच उपडी करा. व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याच्या पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या मुळं खात असतात. त्या वेचून टाका, गुच्छ ओलसर रेतीत खोचा. बहुधा पुन्हा मुळं धरतो.

आणि चिठ्ठीवर नुसतं ‘सॅक्सिफ्रेज’ असेल, तर विकणाऱ्याला पूर्ण नाव विचारा आणि ते पेन्सिलीनं लिहून रोपाशेजारी खोचा. शाई पावसात धुऊन जाते.