कॅलेंडरवरची शिफ्ट आणि घरातली प्रार्थना



नाताळच्या करंज्यांचा डबा अजून पुरता रिकामा झाला नसेल, आणि भिंतीवरचं जुनं कालनिर्णय उतरवायला दोन-चार दिवसच उरलेत. उतरवण्याआधी ते एकदा नीट बघा. कारखान्यांच्या कडेला असलेल्या आपल्या निघोज्यातल्या कितीतरी घरांत त्या चौकोनांमध्ये पेनानं बारीक अक्षरं लिहिलेली असतात : फ, से, ना. फर्स्ट, सेकंड, नाईट. शेजारी दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, शाळेच्या फीचा आकडा. वर्षभर आपलं घर या तीन अक्षरांवर चालतं. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते या अक्षरांबद्दल आणि प्रार्थनेबद्दल.

गेल्या एकतीस डिसेंबरच्या रात्री, वॉच नाईटच्या उपासनेत आपल्यापैकी अनेकांनी नेम केला होता, की नव्या वर्षात रोज रात्री आठ वाजता कौटुंबिक प्रार्थना करायचीच. मीही केला होता. पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या पप्पांना सेकंड लागली. ते घरी येईपर्यंत रात्रीचे पावणेबारा. तिसऱ्या आठवड्यात नाईट. आठ वाजता ते जेवून घटकाभर डोळा लावायच्या घाईत. संक्रांतीचे तिळगूळ वाटेपर्यंत आमचा नेम मोडला होता. मुलांनी एका शब्दानंही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आपला विश्वासच कमी पडला, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. मग एका दुपारी भाजी निवडताना हिशेब केला. तीन आठवड्यांपैकी एकाच आठवड्यात आम्ही चौघं रात्री आठ वाजता निवांत एकत्र बसू शकतो. जो पाळणं शक्यच नाही असा नेम आपण देवासमोर करून बसलो होतो.

ही आठची वेळ आपण गावाहून आणली. आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुळं नगर जिल्ह्यात आहेत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं, आणि त्या भागातल्या खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या. माझी आजी सांगायची, दिवस मावळला की गुरं गोठ्यात, माणसं घरात, आणि कंदिलाभोवती सगळं घर गुडघ्यावर. तिथं अंधार पडला की शेत थांबायचं. इथं अंधार पडला म्हणून कंपनी थांबत नाही. २००९-१०च्या सुमारास इथले मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले, आणि आपल्यासारखे कितीतरी जण त्यांच्या आसऱ्यानं इथं भाड्याच्या खोल्यांत राहायला आले. आजीचा विश्वास आपण सोबत आणला हे फार चांगलं झालं. तिचं घड्याळ मात्र इथं चालत नाही.

तेव्हा नव्या वर्षाचा नेम शिफ्टप्रमाणे करा. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यापासून असं चाललंय. फर्स्टच्या आठवड्यात रात्री आठला सगळे मिळून बसतो, एखादं गीत, एक उतारा, प्रत्येकाची छोटी प्रार्थना. सेकंडच्या आठवड्यात मुलं आणि पप्पा एकमेकांना जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून मुलं शाळेसाठी बुटांच्या लेस बांधत असतात तेव्हा ते पाच मिनिटं उठतात, अर्धवट झोपेतच दोघांच्या डोक्यावर हात ठेवतात, दोन वाक्यांत आशीर्वाद मागतात आणि पुन्हा आडवे होतात. आणि नाईटच्या आठवड्यात रात्री साडेनऊला दारात उभं राहून मुलं पप्पांसाठी प्रार्थना करतात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट, मान खाली घालून उभा असलेला बाप, आणि त्याच्यासाठी देवाजवळ बोलणारा त्याचा आठ वर्षांचा मुलगा. मशिनवर हात सांभाळ, झोप येऊ देऊ नको, बस वेळेवर येऊ दे. मला वाटतं, मुलगा प्रार्थना शिकला तो त्या दारात.

आणि ज्या वॉच नाईटला आपण हे नेम करतो, ती काही फावला वेळ असलेल्या लोकांची भक्ती नव्हे, हेही मुलांना सांगा. जर्मनीत हेर्नहुट इथल्या मोराव्हियन मंडळीनं १७३३ साली वर्षाच्या शेवटच्या रात्री अशी उपासना घेतल्याची नोंद आहे. पुढं इंग्लंडमध्ये जॉन वेस्लींच्या काळात, १७४०च्या दशकात, ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणीतले कामगार रात्र-रात्र जागून प्रार्थना करू लागले. पूर्वी याच कामगारांच्या शनिवारच्या रात्री दारूच्या गुत्त्यात जायच्या. दिवसभर जमिनीच्या पोटात राबून, काळ्या हातांनी आलेली ती माणसं होती. एकतीस डिसेंबरच्या रात्री हायवेच्या कडेला काय चालतं ते आपली वाढत्या वयाची मुलं बघतातच. त्यांना किंग्जवुडची गोष्ट ऐकवा.

आणि केडगावची ऐकवा. ती तर आपल्याच जिल्ह्यातली, दौंड तालुक्यातली. १९०५च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना विचारलं, रोज वेगळं जमून प्रार्थना करायला कोण कोण तयार आहे? सुमारे ७० जणी पुढं आल्या. कुणी दुष्काळात आईबाप गमावलेली, कुणी बालविधवा. जूनपर्यंत रोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५०वर गेली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिथं मोठं आध्यात्मिक जागरण झालं. त्या जागरणाबद्दल पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. मला मात्र जानेवारी ते जूनमधले ते सहा महिने फार मोठे वाटतात. कुणाला काही दिसत नव्हतं, आणि मुली रोज येत होत्या. आपल्याला पहिल्या आठवड्यातच घरात फरक दिसायला हवा असतो. शिफ्टमधून एखादा रविवार मोकळा मिळाला तर मुलांना घेऊन केडगावला जाऊन या.

आता एक गोष्ट जरा जड मनानं सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझी मोठी मुलगी नववीत. सहामाहीत मार्क घसरले, हातातला मोबाईल सुटेना. त्या रात्री प्रार्थनेत मी डोळे मिटून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, ‘हे स्वर्गीय पित्या, या मुलीला सद्बुद्धी दे, मोबाईलचं वेड काढ, आईवडिलांचे कष्ट हिला कळू दे.’ मध्येच माझे डोळे उघडले. ती माझ्याकडेच बघत होती. रागानं नाही, फसवलं गेल्यावर माणूस बघतं तसं. मी देवाशी बोलतच नव्हते. जे तिला तोंडावर बोलायला हवं होतं, ते देवाला मध्ये घालून ऐकवत होते. पुढं कितीतरी दिवस ती प्रार्थनेला बसायची, पण ओठ घट्ट मिटून.

आई-बाबांनो, हे आपण फार करतो. रागवायचं असेल तर सरळ रागवा, समोर बसवून बोला. प्रार्थनेत मुलाचं नाव घ्यायचं ते त्याच्याबद्दल आभार मानायला, त्याच्यासाठी मागायला. त्याची तक्रार देवाकडे एकांतात करा, तोही बाप आहे, ऐकून घेईल. मी पुढं एका रात्री मुलीच्या देखत देवाची आणि तिची, दोघांची क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी ती स्वतःहून म्हणाली, ‘आज मी करू का प्रार्थना?’

सगळ्या मुलांचं असं चार दिवसांत होत नाही. कुणाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा उपासनेला यायलाच तयार नसेल, तर लक्ष्मीबाई टिळक आठवा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मध्ये पाच वर्षं गेली. एवढ्या मोठ्या कवीची बायको, पण आली ती स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला. ढकलून आणलेलं माणूस ‘स्मृतिचित्रे’सारखं पुस्तक लिहू शकत नाही, असं मला मनापासून वाटतं. मुलासाठी रोज मागा, त्याची जागा चटईवर मोकळी ठेवा, आणि त्याच्यामागं लकडा लावू नका.

येशूनं सांगितलं आहे, की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जाऊन, दार लावून करावी. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप असणाऱ्यानं कुठल्या खोलीचं दार लावायचं? मी पूर्वी यावरून खट्टू व्हायचे. नाईट करून आलेलं माणूस दिवसा झोपलेलं, मुलं पसरलेली, एकांत म्हणून काही नाही. मग माझी आई आठवली. तिलाही खोली नव्हती. पहाटे चुलीपाशी बसून ती पुटपुटायची आणि मी गोधडीतून ऐकायचे. कर्जाचा आकडा, मामाचा दमा, माझं नाव. तिला वाटायचं आम्ही झोपलोय. मला जी काही प्रार्थना येते ती त्या पुटपुटण्यातून आली. आपल्याला एकांताची खोली नाही, म्हणूनच आपल्या मुलांनाही हे ऐकायला मिळू शकतं. फक्त ते पुटपुटणं खरं हवं.

ते मराठीतही असू द्या, एवढंच जाता जाता सांगते. मुलं इंग्रजी शाळेत जातात, प्रार्थना इंग्रजीत पाठ म्हणतात, आणि गावाकडच्या आजीबरोबर आमेनशिवाय काही जुळत नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांवरून अख्खं पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून आला. आपल्याच घरात तो कुणाला वाचता येऊ नये, हे मला सोसत नाही.

नव्या वर्षाला मंडळीत पवित्र शास्त्रातल्या वचनांची कार्डं वाटतात. मुलं उत्सुकतेनं आपलं वचन उचलतात. ते जपून ठेवावं, पाठ करावं. पण त्याचं राशिभविष्य होऊ देऊ नका. भरभराटीचं वचन निघालं म्हणून पप्पा पर्मनंट होणारच, असं लेकराच्या मनात बसलं आणि फेब्रुवारीत कंत्राटी कामाला ब्रेक लागला, तर ते देवावर रुसतं आणि आपल्याला सांगतही नाही. आमच्याकडे एका वर्षी अगदी असंच झालं. धाकट्यानं विचारलं, ‘मी तर रोज मागत होतो ना?’ माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं. मी त्याला गेथशेमाने बागेतली रात्र सांगितली. प्रभूनंसुद्धा तीनदा मागितलं की हा प्याला टळू दे, आणि तो टळला नाही. तरी तो पित्याशी बोलायचा थांबला नाही. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे त्याला माहितीये कसं वाटतं ते.’

यंदा एकतीसला तुमची सेकंड असेल, पिंपरी-चिंचवडपर्यंत मंडळीत जाणं जमणार नसेल, तर हळहळू नका. आमच्या घरीही यंदा तसंच आहे. मुलांना नऊला झोपवीन आणि पप्पांनी हातावरचं ऑइल धुतलं की उठवीन. आधी आम्ही दोघं मुलांची क्षमा मागणार. गोलगोल नाही, नेमक्या गोष्टींची. यांनी मे महिन्यात गावाला नेण्याचा शब्द मोडला ती एक. मी चाचणीच्या आदल्या रात्री हात उचलला ती एक. मग जुनं कालनिर्णय मांडीवर घेऊन एकेक पान मागं उलटत जायचं. या महिन्यात काय मागितलं होतं, काय मिळालं, काय अजून मागायचं आहे. बाराच्या ठोक्याला फटाके वाजतील तेव्हा आम्ही बहुधा जुलैपर्यंत पोचलेलो असू.

नवं कॅलेंडर आणून ठेवलंय. जानेवारीची अक्षरं यंदा धाकटा लिहिणार आहे. ‘ना’ असलेल्या प्रत्येक चौकोनात त्याला साडेनऊ असं लिहायचंय, म्हणजे रात्रपाळीच्या दिवशी दारात उभं राहायची त्याची पाळी कुणी विसरणार नाही.