वळण, टर्बो आणि मुदतीची हुंडी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर लेख लिहावा हे शास्त्र शाखेच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. पण ह्या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही, भीतीने वळलो. गेल्या श्रावणात वडिलांबरोबर साड्यांचे गठ्ठे घेऊन आमची जुनी ओम्नी चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरवीत होतो. रस्ता ओला, मागचे टायर गुळगुळीत. एक वळण वाटले त्यापेक्षा अधिक आवळत गेले. मी घाबरलो आणि रेसवरचा पाय झटकन उचलला. त्याबरोबर गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूस सरकला आणि कठड्यापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. वडील काही बोलले नाहीत. खाली उतरून त्यांनी कठडा पाहिला, टायर पाहिले आणि माझ्या जागेवर येऊन बसले. पुढचे दोन महिने किल्ली त्यांच्याच खिशात राहिली.

मला छळणारा प्रश्न असा : पाय तर मी गाडी हळू व्हावी म्हणूनच उचलला होता, मग ती घसरली का?

टिळकवाडीत माझ्या आतेभावाकडे संगणकाला जोडलेले स्टिअरिंग आणि तीन पेडल आहेत. तो म्हणाला, "ज्या गाडीत तुझी चूक मोठी होऊन दिसेल अशीच गाडी घे," आणि त्याने पडद्यावर टोयोटा एमआर-टू काढून दिली. ही जपानी गाडी. तिची दुसरी पिढी 1989 ते 1999 ह्या काळात बनत होती. इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे. 1998 सीसी, चार सिलिंडर, आणि त्यांतल्या वरच्या प्रकाराला टर्बो. जपानात विकल्या जाणाऱ्या टर्बो गाडीची ताकद आरंभी 225 अश्वशक्ती होती, पुढे 245 झाली. सुरुवातीच्या गाड्या वळणावर अचानक गिरकी घेतात अशी त्यांची ख्याती झाली, तेव्हा कंपनीने सस्पेन्शनच्या रचनेत बदल केले आणि मागचे टायर रुंद केले. गंमत अशी की आमच्या ओम्नीचेही इंजिन दोन आसांच्या मधेच, पुढच्या सीटखाली असते आणि जोर मागच्या चाकांना जातो. अर्थात तिची अश्वशक्ती चाळिसाच्याही आत, तेव्हा नातेसंबंध एवढाच पुरे.

पहिल्या दिवशी एमआर-टू माझ्या हातून सात वेळा गवतात गेली.

आता थोडा हिशेब. टायरची पकड हे भांडवल समजावे. ते ठरावीक असते, आणि ब्रेक, वळणे व वेग वाढविणे ही तिन्ही खाती त्याच भांडवलावर चालतात. वळणाचे खाते किती खाते ते पाहा. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 60 किलोमीटर वेगाने गेलो तर गाडीला बाजूला खेचावे लागणारे त्वरण सेकंदवर्गाला साडेपाच मीटरांच्या आसपास येते. तेच वळण 72 च्या वेगाने घेतले तर ते आठ मीटर होते. वेग वाढला शेकडा 20, खर्च वाढला शेकडा 44. कोरड्या रस्त्यावर चांगले साधे टायर ह्या खर्चाने जवळजवळ रिकामे होतात, आणि वळणाच्या मध्यावर हाती शिल्लक अशी काही उरत नाही.

अशा वेळी रेस एकदम सोडली की दोन गोष्टी घडतात. इंजिन मागच्या चाकांना मागे ओढू लागते, आणि गाडीचा भार पुढे झुकतो. पुढच्या टायरांना जास्त पकड मिळते, मागच्यांची तेवढी कमी होते. म्हणजे ज्या खात्यात शिल्लक नाही त्यातूनच आपण रक्कम काढतो. पुढचा भाग वळत राहतो, मागचा सुटतो. माझ्या ओम्नीत गठ्ठे सगळे मागे रचलेले होते. मागच्या टायरांना ते वजनही वळणातून ओढायचे होते, आणि ऐन वेळी मी त्यांच्याखालची पकड काढून घेतली होती. चूक पायाची होती, टायर गुळगुळीत होते ही फक्त तिची साथ.

मध्य-इंजिन गाडीत हे सारे अधिक झपाट्याने का होते, ते कावडीवरून कळेल. दोन टोकांना दोन घागरी बांधलेली कावड खांद्यावर घेऊन बोळात वळून पाहा. ती वळायला वेळ घेते आणि वळू लागली की थांबायलाही वेळ घेते. त्याच दोन घागरी छातीशी धरल्या तर माणूस टाचेवर फिरतो. ज्या गाडीचे जड इंजिन मध्याजवळ असते ती अशी टाचेवर फिरते. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत इंजिन मागे गेले. 1959 मध्ये जॅक ब्रॅबमने कूपर गाडीतून विश्वविजेतेपद मिळविले आणि दोन-तीन वर्षांत इतरांनी तीच वाट धरली. पण जी गाडी चटकन वळते ती चटकन गिरकीही घेते. चालकाला सावरायला मिळणारा वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतका.

ह्यात टर्बोची भर. उद्यमबागेतल्या एका कन्नड मेस्त्रींनी मला ट्रकचा उघडलेला टर्बो दाखविला. एकाच दांड्यावर दोन चिमुकली पंख्यांची चाके. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एकाला फिरवितो, दुसरे हवा दाबून इंजिनात कोंबते. लहान टर्बोत हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. तो वेग गाठायला आधी पुरेसा धूर हवा, म्हणून रेस दाबल्यावर ताकद लगेच येत नाही. मेस्त्री बोट वर करून म्हणाले, "तडी, तडी!" आपल्याकडे 'जरा थांब' म्हणायचे असले की मराठी घरांतही हा शब्द निघतो. टर्बोचा सारा स्वभाव त्यात आला.

आमच्या भाषेत सांगायचे तर साधे इंजिन ही दर्शनी हुंडी : दाखविताच पैसे. टर्बो ही मुदतीची हुंडी. नवशिका रेस दाबतो, काही घडत नाही, म्हणून आणखी दाबतो, आणि मुदत नेमकी वळणाच्या मध्यावर भरते. सगळी रक्कम एकदम मागच्या चाकांवर येते. घाबरून तो पाय उचलतो, म्हणजे वर सांगितलेली दुसरी चूक पहिलीच्या डोक्यावर बसते. फॉर्म्युला वनमध्ये 1977 साली पहिली टर्बो गाडी आणणाऱ्या रेनोच्या चालकांनाही ह्या उशिराशी झगडावे लागले होते. काही रॅली-चालक तर उजवा पाय रेसवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक दाबत, का तर तो पंखा फिरता राहावा.

मग करायचे काय? ब्रेकचे मुख्य काम सरळ रस्त्यावरच उरकून घ्यायचे, आणि गिअरही तिथेच असा निवडायचा की इंजिनाचे फेरे फार खाली जाणार नाहीत. ब्रेक मात्र एकदम सोडायचा नाही. एमआर-टूचे नाक हलके असते. ब्रेक तोडून टाकला तर पुढची चाके सरळच जाऊ पाहतात, म्हणून स्टिअरिंग जसजसे वळेल तसतसा पाय सैल करायचा. जास्त वेळ दाबून ठेवला तर पुन्हा मागचा भाग सुटतो. हा मधला बिंदू सापडायला मला तीन आठवडे लागले आणि तो शब्दांत सांगता येत नाही. ब्रेक सुटला की लगेच रेसवर किंचित भार, गाडीचा वेग टिकेल एवढाच. मागची चाके दबलेली राहतात, टर्बोचा पंखाही जागा राहतो. वळण संपताना दिसू लागले की हुंडी लिहायची, थोड्या थोड्या रकमेची; मुदत भरेल तेव्हा स्टिअरिंग सरळ होत आलेले असले पाहिजे. त्यासाठी वळणाचा आतला काठ लवकर गाठण्याचा मोह टाळून उशिरा गाठायचा. आणि मध्येच भीती वाटली तर पाय पूर्ण काढायचा नाही, मीठ चिमटीतून सोडावे तसा कमी करायचा. (हे सारे पडद्यासाठी आणि बंद मैदानासाठी. घाटातला उपाय एकच : वळणापूर्वी वेग कमी.)

मी वही घातली आहे. डाव्या पानावर नीट पार पडलेली वळणे, उजव्या पानावर गिरक्या आणि त्यांचे कारण. पहिल्या चाळीस फेऱ्यांत सतरा गिरक्या, त्यांतल्या अकरांपुढे 'पाय उचलला' असे लिहिले आहे. अलीकडच्या चाळिसांत गिरक्या चार, पण त्या चारही उताराच्या डाव्या वळणावर, आणि चारही वेळा कारण तेच.

दिवाळीनंतर वडिलांनी किल्ली टेबलावर ठेवली, मागचे दोन नवे टायर बसविल्याची पावती तिच्याखाली होती. कणकुंबीपर्यंत गाडी त्यांनी चालविली. पुढचा घाट उतरताना मी स्टिअरिंगवर होतो, आणि माझ्या उजव्या पायाकडे ते सारखे पाहत होते.